पोचल्याची रिंग

गुलाबआत्याच्या घरून निघताना नुसतं "येतो" म्हणून सुटका नव्हती. ती पडवीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि म्हणायची, "पोचलास का रिंग दे रं. मी उचलायची नाय. नुसती रिंग दे." मोबाइल नवे होते तेव्हाची ही रीत. पुढे बोलणं फुकटात झालं, घरोघरी मोठे फोन आले, पण आत्याची रिंग तशीच राहिली. दोनदा वाजवायचं आणि ठेवून द्यायचं. तिचा बटणांचा फोन देव्हाऱ्याच्या फळीवर, निरांजनाच्या शेजारी असायचा. तो वाजला की ती तिथेच हात जोडायची आणि घरात सांगायची, "पोचला." त्यानंतर जेवण आणि बाकीचं जग.

आत्या जाऊन आता वर्ष होत आलं. मी रोह्याला राहतो. पेणहून परतलो की अजून माझा अंगठा तिच्या नावावर जातो. हे मी दुःख म्हणून सांगत नाही. जिना संपला तरी पाय आणखी एक पायरी शोधतो, तसं ते आहे. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे असतं. लग्नाकार्यात मी बोलायला लागलो की लोक ताट हातात घेऊन वाढप्याच्या दिशेने निघतात. तरी आत्याची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. माहेर रोह्याकडचं, भात आणि वाल पिकवणारं. सासर पेणच्या खाडीकडचं. यजमान मिठागरात कामाला होते, ते लवकर गेले. मग ती मुलाला, विलासला, घेऊन पेण शहरात आली आणि पोह्याचे पापड लाटू लागली. हात असा की पापड उन्हाकडे धरला तर पलीकडचा माणूस ओळखता यावा. पण तिच्या छातीत कायम काहीतरी चालू असायचं. ती सांगायची, "कोनतरी आत बसून लाटतंय. लाटी संपते, लाटनं थांबत नाय."

विलास डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागला आणि आत्याचा दिवस त्याच्या शिफ्टवर चालू लागला. पेण ते वडखळ ट्रेलरची रांग, पुढे डोलवी. तो मोटारसायकल बाहेर काढायचा आणि आत्या देव्हाऱ्यासमोर बसायची. रिंग येईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही. विलासला कधी ट्रॅफिक लागायचं, कधी गेटवर फोन काढता यायचा नाही, आणि मग शेजारणीचा फोन जायचा, "तुज्या आयेचे हातपाय गार पडलेत." शेवटी विलासने उपाय काढला. तो निघायच्या आधीच पडवीत चपला घालता घालता रिंग द्यायला लागला.

एकदा मी तिथेच होतो. विलासने एका पायात चप्पल अडकवली आणि खिशातल्या खिशात बटण दाबलं. आत फोन वाजला. आत्याचा आवाज आला, "पोचला गो बाय माझा विलास!" आणि त्याच पावली ती त्याने विसरलेला डबा घेऊन बाहेर आली. विलास एका पायावर उभा. मी छपराची कौलं बघायला लागलो. आत्याने त्याच्याकडे बघितलं, डबा हातात दिला आणि म्हणाली, "पोचलास ना? मग झालं." आणि आत गेली. तिचा चेहरा खरोखर निवांत होता. आम्ही दोघे हसलो. ही गोष्ट मी पुढे अनेक लग्नांत सांगितली, फार चालली. तिचा अर्थ कळायला मात्र आम्हाला डॉक्टर लागला.

तोवर घरचे उपाय झाले. मीठमोहरी उतरवून झाली. रामरक्षा झाली. "डोक्यात घेऊ नको" हे तर येणारा जाणारा प्रत्येकजण सांगायचा, जणू ती हौसेने घेत होती. छातीच्या ईसीजीच्या पट्ट्या इतक्यांदा काढल्या की त्यांची गुंडाळी ती पिशवीत ठेवायची. त्याच पिशवीत पाण्याची बाटली, लिंबू, ग्लुकोजची बिस्किटं. घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही ती पिशवी काखेत. प्रत्येक डॉक्टर सांगायचा, हृदय ठणठणीत आहे. आत्या ऐकून घ्यायची आणि बाहेर आल्यावर म्हणायची, "याच्या मशिनीला नाय कळत." न्हाणीघराची कडी ती लावायची नाही, आत चक्कर आली तर कोण काढणार म्हणून. लग्नात दाराजवळची खुर्ची धरायची. मग लग्नांना जाणंच सोडलं. मग स्टँड सोडला. मग बाजार. रोह्याला माहेरी येऊन तर कितीतरी वर्षं झाली होती. हे सगळं इतकं हळूहळू झालं की आम्हाला तो तिचा स्वभावच वाटला.

मीही माझ्या परीने हातभार लावला. मोबाइलवर एका गुरूंचा व्हिडिओ बघून मी तिला श्वास शिकवायला गेलो. पाटावर बसवलं, म्हटलं, दीर्घ श्वास घे, धर, सोड. ती घेत राहिली. मला गरगरलं. मी भिंतीला टेकलो, तशी तिने पिशवीतलं लिंबू काढून माझ्या नाकाला लावलं. "तुला पन हाय वाटतं," ती म्हणाली. आवाजात जरा आनंद होता.

भाऊबीजेला बाबा दरवर्षी रोह्याहून पेणला जायचे. ती येत नाही हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं, भावानेच बहिणीकडे जायचं असतं म्हणून ते झाकलं गेलं. मग एका वर्षी बाबांची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, चालणं संपलं. त्या भाऊबीजेला विलासने व्हिडिओ कॉल लावला. इकडे मी बाबांच्या तोंडासमोर फोन धरला, तिकडे आत्याने तबक ओवाळलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत कुंकवाचं बोट विलासच्या फोनवर टेकवलं, वर ओल्या अक्षता लावल्या. बाबांनी इकडे मान पुढे केली. कुंकू तिकडच्या कॅमेऱ्यावर पसरलं आणि आमचा पडदा लाल झाला. विलास तिकडून ओरडला, "आये, काच हाय ती!" फोन आठवडाभर तांदळाच्या डब्यात होता. पण बंद पडायच्या आधी बाबांचा आवाज तिला ऐकू गेला. "पुढच्या वर्षी," ते वाकड्या तोंडाने म्हणाले, "इथं ये."

आत्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः विलासला सांगितलं, "डोक्याच्या डॉक्टरकडे ने मला. छातीचे सगळे झाले."

पेणमध्ये आठवड्यातून एकदा मानसोपचाराच्या एक डॉक्टरीणबाई यायच्या. मी आणि विलास बरोबर गेलो. बाईंनी शांतपणे ऐकलं. आत्या किती बोलली! लाटण्यापासून कडीपर्यंत सगळं. बाई म्हणाल्या, "हा चिंतेचा आजार आहे. रक्तदाब असतो ना, तसा हाही आजारच. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. धडधड, गार हात, चक्कर, सगळं खरं असतं. तुम्ही सोंग करत नाही."

"म्हंजे मी येडी नाय?"

"नाही."

"आन बरी पन नाय."

"आत्ता नाही."

"मग ठीक हाय," आत्या म्हणाली. "दोन्हीच्या मधी ऱ्हायाची सवय हाय मला."

बाईंनी विचारलं, कधीपासून, कशामुळे? आत्याने यजमान गेले ते सांगितलं. उधाणाला खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं होतं, ते सांगितलं. मग म्हणाली, "पन ते सगल्यांच्याच शेतात शिरलं. माझ्याच छातीत का ऱ्हायलं, ते नाय कळत. कारन गावलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडले असते." बाई म्हणाल्या, पुष्कळदा एक कारण सापडतच नाही, त्याच्यावाचूनही बरं होता येतं.

मग विलासने रिंगचं सांगितलं. चपलांची गोष्ट मी रंगवून सांगितली. बाई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत ती गोष्ट पहिल्यांदाच पडली. त्या म्हणाल्या, "रिंग आली की यांना बरं वाटतं, ते थोडा वेळ. पण मनाची समजूत अशी होते की रिंग आली म्हणून माणूस पोचला. मग पुढच्या वेळी रिंगशिवाय जमतच नाही. गोळ्या देते, त्याने जोर कमी होईल. पण रिंग बंद करायची. घरातल्या सगळ्यांनी. आणि ज्या रस्त्याची भीती आहे त्या रस्त्यावर थोडं थोडं जायचं."

पहिल्या दिवशी विलास रिंग न देता शिफ्टला गेला. आत्या देव्हाऱ्यासमोर बसली, उठली, बसली. मग तिने पोह्याचं पीठ कुटायला घेतलं आणि लाटत सुटली. संध्याकाळी विलास आला तर अंगण, पडवी, पलंग, सगळीकडे पापड, घरात शिरायला वाट नाही. विलासने मला नंतर सांगितलं, त्याचाही दिवसभर हात खिशात जात होता. "सुपरवायझर बोलला, खिशात काय हाय रे? मी बोललो, आई हाय."

गोळ्या लागू पडायला वेळ गेला. मधल्या काळात आत्या गप्प झाली. छातीतलं लाटणं थांबलं, पण त्याबरोबर बाकीचंही थांबलं. मी भेटायला गेलो तर ती पडवीत बसलेली, हात मांडीवर. टिंगल नाही, चौकशी नाही. निघताना खांबाला धरून उभी राहिली नाही. जेवताना तिने घास कितीतरी वेळ तोंडात धरला. विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, "सगल्यात मीठ हाय, पन लागत नाय." बाईंना सांगितलं, त्यांनी गोळी थोडी बदलली, आणि मनाने बंद करायची नाही म्हणून विलासला बजावलं. घरातल्या इतरांना मात्र हीच आत्या बरी वाटली. शांत झाली, म्हणाले. मला तिचं "रिंग दे रं" आठवत होतं. माणूस घाबरलेला असला तरी चालेल, पण असावा, असं मला वाटायला लागलं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मग हळूहळू ती परत आली आणि आमचं कासू सुरू झालं. पेणहून रोह्याला रेल्वेने यायचं तर कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. बाईंनी ठरवून दिलं, आधी कासूपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परतीच्या गाडीने यायचं. पिशवी घरी. फोन घरी. रविवारी मी रोह्याहून पेणला जायचो, आत्याला घेऊन कासूला यायचो, तिला परत पेणला सोडायचो आणि रोह्याला यायचो. माझी बायको म्हणाली, "लोक आत्याला काशीला नेतात, तुम्ही कासूला."

कासूला स्टेशन आहे म्हणजे गाडी थांबते. आजूबाजूला शेतं, वर आभाळ. पहिल्या रविवारी गाडी निघून गेली आणि आत्याने माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या रुतल्या. ओठ पांढरे. "चालले मी," ती म्हणाली. "विलासला बोलव." मी घाबरून बोलायला लागलो. पिकाबद्दल बोललो, रेल्वेच्या दुहेरी मार्गाबद्दल बोललो, माझ्या दुकानातल्या उंदरांबद्दल बोललो.

"तू आधी गप बस," आत्या म्हणाली. "तुझ्याच्यानं वाढतंय."

मी गप्प बसलो. ती समोरच्या रुळांकडे बघत राहिली. घाम कपाळावरून खाली आला. बऱ्याच वेळाने पकड सैल झाली. "भरती हाय ही," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे. "चढते चढते, मग आपनच उतरते. मधी उठून पळायचं नाय. पळनारा चिखलात रुततो."

एक म्हातारा बकरी घेऊन प्लॅटफॉर्मवरून चालला होता. त्याने विचारलं, "कोनाची वाट बगताव?"

"आमच्या भीतीची," आत्या म्हणाली. "गाडी चुकलीय तिची."

म्हातारा बकरीला ओढत भरभर पुढे गेला.

असे रविवार झाले. कासूचा बाक आमचा झाला. मग नागोठणं. तिथे उतरून तिने एकदा वडापावसुद्धा खाल्ला, वर म्हणाली, "माझ्या पापडाची सर नाय याला," म्हणजे ती बरी होत होती. गणपती झाले. दिवाळी समोर होती. बाबा रोज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे डावा हात करायचे. मी म्हणायचो, येणार आहे, नागोठण्यापर्यंत आलीय. आता निडी, मग आपलं रोहा.

भाऊबीजेला थोडे दिवस राहिले होते आणि बाबा सकाळी चहाच्या कपासकट गेले. कप पडलासुद्धा नाही. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि धुऊन ठेवला. मला काहीच झालं नाही. मी फोन केले, लाकडांचं बोललो, बाहेर खुर्च्या मांडल्या. कोणी गळ्यात पडून रडलं की मी त्यांच्या पाठीवर थोपटायचो. विलासला फोन लावला, तो शिफ्टवर होता. म्हटलं, आत्याला आत्ता कळवू नको, तू घरी जाऊन सावकाश सांग. विलास म्हणाला, "शेजारीन बोलली असेल. तिच्या घरी रोह्याचा फोन आलाय मघाशी."

दुपारी फाटक वाजलं. आत्या एकटी आत आली. हातात पिशवी नव्हती. लोक बाजूला झाले. ती सरळ बाबांजवळ गेली, खाली बसली आणि कपाळावर, कुंकू लावतात त्या जागी, अंगठा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. "आले रे बाळू," म्हणाली. "उशीर झाला." तेवढंच. मग उठली, पदर खोचला आणि विचारलं, "म्हाताऱ्या मानसांना चहा दिला का कोनी?"

त्या दिवशी घरात शुद्धीवर असलेलं एकच माणूस होतं, ते आत्या. आयुष्यभर जी रिंग न आल्याने गार पडत होती, ती भावाच्या मयताला सगळ्यांना सावरून होती. रात्रीच्या आत तिने माणसांच्या झोपण्याची सोय लावली, माझ्या बायकोला आत नेऊन निजवलं. मी विचारलं, "आत्या, एकटी कशी आलीस? भीती नाही वाटली?"

"वाटली ना. कासूला चढली. नागोठन्याला गळ्यापातूर आली. वाटलं उतरावं. मग म्हटलं, बसून ऱ्हा. निडीच्या पुढं कमी झाली. आन बाळू जाईल, बाळू जाईल, म्हनून इतकी वर्सं भ्याले. गेला. आता कोनाला भिऊ?"

शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. मी जेवायला बसलो, घास घेतला, खाली ठेवला.

"काय झालं?"

"पिठल्यात मीठ नाहीये."

आत्याने माझ्या ताटातलं बोटभर चाखलं. माझ्याकडे बघत राहिली. "मीठ हाय," ती हळूच म्हणाली. "तुला लागत नाय. खा तसाच. येतं परत. सावकाश येतं."

तेराव्यापर्यंत ती राहिली. दिवाळी आमच्या दारावरून निघून गेली. भाऊबीजेच्या दिवशी आत्या सकाळपासून वाल सोलत बसली. मी पाहुण्यांना पाणी देत होतो, हिशोबी चेहऱ्याने. रडू येईल म्हणून वाट बघत होतो, ते आलं नाही.

तेरावं झाल्यावर मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. विलास पेणला घ्यायला येणार होता. ती खिडकीशी बसली, मी खाली उभा. गाडीने भोंगा दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, पोचलीस की रिंग दे."

तिने माझ्याकडे बघितलं. "नाय देनार."

"अगं, आजच्या दिवस."

"बाईंनी काय सांगितलंय? घरातल्या सगल्यांनी बंद करायची. तू काय घरातला नाय?"

गाडी हलली. ती हात हलवत नव्हती, नुसती बघत होती.

घरी आलो. फोन समोर ठेवला. निडी झालं असेल. नागोठणं. मधे कुठे चक्कर आली असेल तर. विलासला शिफ्ट लागली असेल तर. बायको म्हणाली, "विलासला फोन करा ना, एवढं आहे तर." मी फोन उचलला. पोटात काहीतरी वर चढत होतं, छातीत धडधड, तळहात ओले. बाबा गेल्यापासून माझ्या अंगात हललेली ती पहिली गोष्ट होती. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. कासूच्या बाकावर बसावं तसा. चढलं, चढलं, बराच वेळ तिथेच राहिलं. मग उतरलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कधी सुरू झालं कळलं नाही. बायकोने ताट आणून पुढ्यात ठेवलं.

तांदळाची भाकरी होती आणि वालाचं बिरडं. मी घास घेतला.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

"आत्यांनी केलंय, जायच्या आधी," बायको म्हणाली. "म्हणाल्या, त्याला लागेल एवढं घातलंय."

फोन वाजला नाही. मी आणखी अर्धी भाकरी घेतली.